ओट्याची उंची: कोपरापासून खाली मोजत जा

कुकरचं झाकण लावताना खांदे कानांकडे सरकत असतील, भाजी परतताना कोपर बाहेर फाकत असेल, दहाबारा पोळ्या लाटून झाल्या की मानेच्या मुळाशी ठणका लागत असेल, तर ओटा उंच आहे. भांडी घासून झाल्यावर कमरेवर हात ठेवून मागे वाकावंसं वाटत असेल, तर सिंक खाली आहे. गंमत अशी की बहुतेक घरांत ही दोन्ही दुखणी एकाच ओट्यावर आणि एकाच माणसाला असतात. ओटा एका उंचीचा आणि त्यावरची कामं चार उंचींची, म्हणून हे होतं.

मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, "तेहतीस ठेवतो, सगळीकडे तेवढाच असतो." तेहतीस इंच हा आकडा अगदी वाईट नाही, पण तो तुमच्या घरातल्या कोणाच्याही अंगावरून घेतलेला नसतो. मॉड्युलर किचनवाल्यांचा आकडा तर ओट्याखालच्या तयार कपाटाच्या पेटीवरून येतो: ७२० मिमीची पेटी, खाली १०० ते १५० मिमीचे पाय आणि वर दगड. बेरीज ८४ ते ९० सेंमी, म्हणजे ३३ ते ३५ इंच. पाश्चात्त्य देशांत ३६ इंचांचा प्रघात आहे, तिथली माणसंही उंच आहेत. आपल्याकडे प्रौढ बाईची सरासरी उंची साधारण पाच फूट. तिच्यासाठी ३५ इंचांवर शेगडी ठेवली, तर कढईत काय चाललंय ते टाचा उंचावून बघावं लागतं.

आधी कोपर मोजा

ओट्याचा संबंध माणसाच्या एकूण उंचीपेक्षा कोपराशी जास्त आहे. दोघी पाच फुटी असल्या तरी कोपरांत इंचाचा फरक निघू शकतो, तेव्हा तक्त्यावर विसंबू नका. मोजायला पाच मिनिटं लागतात.

स्वयंपाक करताना घरात जे घालता ते घालून उभं राहा. सपाता घालत असाल तर सपाता, अनवाणी असाल तर अनवाणी. पाठ भिंतीला, खांदे सैल. दंड अंगालगत सरळ खाली सोडा आणि पुढचा हात जमिनीला समांतर धरा. दुसऱ्या कोणीतरी जमिनीपासून कोपराच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत टेपने मोजायचं. तीनदा मोजा, कारण पहिल्या वेळी सगळेच नकळत ताठ होतात आणि खांदे वर जातात. मधला आकडा धरा.

पडताळा म्हणून: कोपर साधारणपणे उंचीच्या ६३ टक्क्यांवर असतं. ४ फूट ९ इंचांच्या माणसाचं ३६ इंचांवर, ५ फुटांचं ३८ वर, ५ फूट ३ इंचांचं साडेएकोणचाळीस-चाळीसवर, ५ फूट ६ इंचांचं साडेएक्केचाळीसच्या आसपास. तुमचा आकडा याहून दोन इंचांनी वेगळा आला, तर पुन्हा मोजा.

आता कोपरापासून खाली यायचं. किती, ते कामावर अवलंबून:

- निवडणं, सोलणं, चिरणं अशी हलकी कामं: कोपराखाली ४ ते ५ इंच.
- लाटणं, मळणं, कुटणं अशी जोर लावायची कामं: ६ ते ८ इंच.
- ढवळणं, परतणं: भांड्याचा काठ कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली.

जोराच्या कामाला पृष्ठभाग खाली का हवा, हे कणीक मळून बघितलं की लगेच कळतं. खाली असेल तर हात जवळजवळ सरळ राहतात आणि अंगाचा भार कणकेवर पडतो. वर असेल तर कोपर दुमडलेलं राहतं, भार उतरत नाही आणि सगळा जोर दंड-खांद्यांतून काढावा लागतो. जमिनीवर परात ठेवून गुडघ्यावर येऊन कणीक तिंबणाऱ्या आज्यांना भौतिकशास्त्र नीट माहीत होतं. (त्यांचे गुडघेही दुखायचे. जमिनीवरच्या स्वयंपाकाचं फार कौतुक करू नये.)

ओटा मोजू नका, भांड्याचा काठ मोजा

सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. ओट्याची उंची म्हणजे दगडाची उंची धरली जाते. हात मात्र दगडावर काम करत नाही, तो दगडावर ठेवलेल्या वस्तूच्या माथ्यावर काम करतो.

पाच फुटी माणूस घ्या. कोपर ३८ इंचांवर, ओटा ३३ वर. चिरायला छान: ओट्यावर पाऊण इंचाची फळी, हात कोपराखाली चारेक इंच. त्याच ओट्यावर आता शेगडी ठेवा. ओट्यावर ठेवायच्या शेगडीची जाळी दगडापासून साधारण साडेचार-पाच इंच वर असते. तिच्यावर चार इंच खोल कढई. कढईचा काठ गेला ४२ इंचांवर, कोपराच्या चार इंच वर. आता कोपर बाजूला उचलल्याशिवाय झारा कढईत जात नाही. उचललेला दंड तसाच धरून ठेवणं हे खांद्याच्या स्नायूंना फार महाग पडतं. हलणारा स्नायू आकुंचन-प्रसरणाने रक्त खेळवतो, ताठ धरलेल्याला ते मिळत नाही. पाव किलोचा झारा दहा मिनिटांत दोन किलोचा वाटायला लागतो तो यामुळे.

पाच लिटरच्या कुकरचं बघा. ३३ इंचांचा ओटा, पाच इंच शेगडी, आठ इंच कुकर: झाकण ४६ इंचांवर. पाच फुटी माणसाचा खांदा साधारण ४९ वर असतो. जवळजवळ खांद्याच्या रेषेत हात ठेवून झाकण फिरवायचं आणि दाबायचं. शिवाय वाफ सुटते ती थेट तोंडाच्या दिशेने.

म्हणून शेगडीचा ओटा चिरण्याच्या ओट्याहून चार इंच खाली हवा. वरच्या उदाहरणात २९ इंच. मग कढईचा काठ बरोबर ३८ वर, कोपराला येतो.

पोळपाटाचं गणित केलं तरी आकडा इथेच येतो, ही चांगली गोष्ट आहे. पोळपाट दीड-दोन इंच उंच. त्याचा माथा कोपराखाली सातेक इंच, म्हणजे ३१ वर हवा. वजा दोन, ओटा २९. तव्यावरची पोळी उलटायची आणि पुढची लाटायची ही कामं शेजारीशेजारी चालतात, तेव्हा दोन्हींचा ओटा एकाच पातळीवर असणं सोयीचंच. घरातल्या जेवणाच्या टेबलाची उंचीही २९-३० इंच असते. पाच फुटी माणसाने त्या टेबलाशी उभं राहून चार पोळ्या लाटून बघाव्यात, फरक मनगटाला आणि मानेला लगेच समजतो. बसून मात्र नको. खुर्चीत बसलं की कोपर २५-२६ इंचांवर येतं आणि टेबल वर राहतं.

दोन पातळ्यांचा ओटा कसा मांडायचा

खालची पातळी शेगडी आणि लाटण्यासाठी, वरची चिरणं आणि सिंकसाठी. क्रम असा: फ्रीज, सिंक, चिरायची जागा, मग पायरी उतरून शेगडी, आणि शेगडीच्या पलीकडे पोळपाट.

खालच्या भागाची रुंदी काढताना कंजूषपणा करू नका. दोन बर्नरची शेगडी साधारण २६ ते २८ इंच. पायरीची उभी बाजू आणि शेगडी यांत किमान ६ इंच सोडा, नाहीतर तव्याचा दांडा पायरीला अडकतो आणि तवा तिरका ठेवायची सवय लागते. पलीकडे पोळपाट आणि पिठाच्या डब्याला २० इंच. सगळे मिळून साडेचार फूट. वरच्या भागात चिरायला अडीच ते तीन फूट सलग हवेत, त्यातही मिक्सर, वॉटर फिल्टर आणि भांड्यांची जाळी येऊन बसणार नाही असे. सिंकला दोन-सव्वादोन फूट. एकूण नऊ ते पावणेदहा फूट झाले. एल आकाराच्या ओट्यात हे सहज बसतं आणि पायरी कोपऱ्याजवळ देता येते.

पायरीविरुद्ध दोन तक्रारी येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, जड पातेलं ओट्यावरून सरकवत नेता येत नाही, उचलावं लागतं. दुसरी, पायरीच्या आतल्या कोपऱ्यात पीठ आणि तेल साचतं. पहिलीला उपाय नाही. दुसरीसाठी त्या सांध्यात इपॉक्सी भरून घ्या आणि वरची कड अर्धगोल करून घ्या. धारदार कड ठेवली तर कोपर आपटतंच.

सिलिंडरचा विचार इथेच करायचा, ग्रॅनाइट बसल्यावर नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर सुमारे २५ इंच उंच असतो. २९ इंचांच्या ओट्यातून दगडांची जाडी वजा केली, तर वर जेमतेम दीड-दोन इंच उरतात. रेग्युलेटरची चकती फिरवायला हात जात नाही. म्हणून सिलिंडरचा कप्पा शेजारच्या उंच भागाखाली ठेवा. शेगडी सिलिंडरच्या माथ्याहून वर हवी, ती २९ वरही राहते. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तेव्हा त्याखाली चाकांची गाडी आणि कप्प्याला पुढे उंबरा नसलेला तळ ठेवा.

ओटा एकूण सात-आठ फुटांचाच असेल तर पायरीचा हट्ट सोडा. सगळा ओटा ३१ इंचांवर घ्या, चिरायला दोन इंच जाडीची लाकडी फळी कायम ठेवा आणि सिंक वर उचला. किंवा दगडात बसवायची हॉब घ्या: तिची जाळी दगडापासून दोनेक इंचच वर येते, म्हणजे तीन इंच फुकट मिळतात. वास्तूप्रमाणे पूर्वेकडे तोंड हवं असेल तर खुशाल ठेवा. उंचीच्या हिशोबाला दिशा कोणतीही चालते.

सिंक

सिंकमध्ये हात काठाशी नसतात, तळाच्या तीनचार इंच वर असतात. ३३ इंचांच्या ओट्यात दहा इंच खोल सिंक घेतलं की हात गेले २६-२७ वर, पाच फुटी माणसाच्या कोपराखाली अकरा-बारा इंच. एवढं खाली पोचायला कमरेतून वाकावंच लागतं, आणि वीस मिनिटं वाकून राहिलं की धडाचं सगळं वजन कमरेचे स्नायू तोलत बसतात. दुकानात खोल सिंक आकर्षक दिसतं, मोठी पातेली मावतात, शिंतोडे उडत नाहीत. तरी सात-आठ इंचांहून खोल घेऊ नका. जागा असेल तर सिंकचा भाग ओट्याहून दोन इंच उंच करा.

दुसरी बाब कोणी बघत नाही: सिंकची पुढची कड ओट्याच्या कडेपासून किती आत आहे. चार-पाच इंचांचा दगड पुढे राहिला की पोट त्याला टेकवून वाकायचं आणि कपड्यांचा पुढचा पट्टा ओला करून घ्यायचा. अडीच-तीन इंच पुरतात. ग्रॅनाइट कापायच्या आधी कारागिराला हे सांगा. तो तुटायच्या भीतीने नेहमी आत सरकवतो, आणि अडीच इंचांखाली त्याचं म्हणणं बरोबरही आहे.

पंज्यांची जागा

जुन्या कडप्प्याच्या उघड्या ओट्यांत पाय आपोआप आत जात. किचन ट्रॉल्या आल्या, दरवाजे ओट्याच्या कडेला भिडले, आणि पंजे अडू लागले. पंजे अडले की माणूस दोनतीन इंच मागे उभा राहतो, आणि ते अंतर कमरेतून झुकून भरून काढतो. खाली चार इंच उंच आणि तीन इंच खोल खाच सोडा. ट्रॉलीवाला तळापर्यंत कप्पा देऊन जास्त जागा मिळाल्याचं सांगेल. त्या कप्प्यात जुने डबे पडून राहतात.

एका खणात जमिनीपासून चारपाच इंचांवर आडवी फळी उघडी ठेवली तर आलटूनपालटून एक पाय तिच्यावर टेकवता येतो. कंबरेला बराच आराम मिळतो. यासाठी पुढ्यात पाट टाकू नका, गरम पातेलं घेऊन वळताना त्यात पाय अडकतो.

फळ्या, मिक्सर, उजेड

ओटा दोन फूट खोल असतो, पण न झुकता हात सहज पोचतो तो वीस-बावीस इंचांपर्यंत. रोजचं तिखट-मीठ-हळद शेवटच्या पट्ट्यात आणि शेगडीच्या मागे ठेवायचं नाही, बाही पेटते. भिंतीवरचं कपाट ओट्यापासून २० इंच वर सुरू करा, खोली १२ इंच. पाच फुटी माणसाला ओट्यावरून हात घालून ६५ इंचांपर्यंतच पोचता येतं. म्हणजे कपाटाच्या खालच्या दोनच फळ्या खऱ्या कामाच्या. वरच्या फळीवर दिवाळीचे साचे आणि सोऱ्या, माळ्यावर घंगाळं. पाच किलोचा पिठाचा डबा गुडघा आणि कोपर यांच्या मधे.

मिक्सर ओट्यावर ठेवला की भांड्याचं झाकण छातीच्याही वर जातं आणि दाबून धरताना हात उचललेला राहतो. त्याला २४ ते २६ इंचांवर वेगळी फळी द्या, प्लग तिथेच. लहान मूल असेल तर स्विच वरच ठेवा.

दिवा छताच्या मधोमध असेल तर चिरताना स्वतःच्या डोक्याची सावली सुरीवर पडते. कपाटाखाली एलईडीची पट्टी लावा, आणि ती कपाटाच्या पुढच्या कडेला, भिंतीकडच्या नव्हे. भिंतीकडे लावलेली पट्टी टाइल्स उजळवते. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, कंपनीच्या पुस्तिकेत असेल तेवढी. ओटा खाली घेतला की चिमणीही खाली येते, तेव्हा घरातल्या सर्वांत उंच माणसाचं कपाळ कुठे येतं ते आधी बघा.

मिस्त्रीला काय सांगायचं

फक्त "एकोणतीस ठेवा" म्हणू नका. म्हणा: "तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या माथ्यापर्यंत एकोणतीस." या वाक्यातला प्रत्येक शब्द लागतो.

गवंडी उभे कडप्पे लावतो, त्यांवर आडवा कडप्पा, त्यावर सिमेंटचा मसाला, मग ग्रॅनाइट. आडवा कडप्पा इंचभर किंवा थोडा अधिक, मसाला अर्धा ते पाऊण इंच, ग्रॅनाइट १८ मिमी. एकूण अडीच इंच. तो जर २९ इंच आडव्या कडप्प्यापर्यंत मोजत असेल, तर ओटा सव्वा-दीड इंच वर जाणार. उभ्या कडप्प्यांचा माथा साडेसव्वीसवर हवा. बदलत्या जाडीचा कडप्पा येतो, म्हणून माल आल्यावर मोजून वजाबाकी पुन्हा करा.

फरशीचंही तसंच. नूतनीकरणात ओटा तसाच ठेवून जुन्या फरशीवर नवीन टाइल्स घातल्या, तर चिकटवण्याच्या पद्धतीनुसार पाऊण ते दोन इंच जमीन वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. काम सुरू होण्याआधी पाण्याच्या लेव्हल पाइपने चारही भिंतींवर तयार फरशीपासून एक मीटरची रेघ मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेवरून खाली घ्या. खडबडीत जमिनीवरून मोजलेलं माप एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला इंचाने चुकीचं निघतं.

त्याआधी एक चाचणी करा. जेवणाच्या टेबलावर प्लायवूडचे तुकडे रचून ठरवलेली उंची तयार करा. तीन दिवस रोजची भाजी त्यावर चिरा, पोळ्या टेबलावर लाटा. अर्धा इंच इकडेतिकडे करायची इच्छा तिसऱ्या दिवशी होते, पहिल्या दिवशी सगळंच विचित्र वाटतं.

घरात दोन उंचींची माणसं

सासू ४ फूट १० इंच, सून ५ फूट ५ इंच, आणि रविवारी मुलगा. कोणाच्या मापाने? शेगडीचा ओटा बुटक्या माणसाच्या, चिरण्याचा आणि सिंकचा उंच माणसाच्या. शेगडी खाली असली तर उंच माणसाला थोडं अवघडल्यासारखं होतं. वर असली तर बुटक्या माणसाच्या तोंडावर तेल उडतं. हे दोन त्रास सारखे नाहीत. चिरताना बुटक्या माणसाला टेबलाचा पर्याय असतो.

ओटा फोडायचा नसेल तर

ओटा उंच असेल: शेगडीऐवजी हॉब, कणीक आणि पोळ्या टेबलावर, कुकर तीन लिटरचा. उभं राहायला लाकडी फळी करायची झाली, तर ती तीन इंच उंच, दीड फूट रुंद आणि ओट्याच्या पूर्ण लांबीची करा, खाली रबर. तुकड्यातुकड्याच्या फळ्यांवरून पाय घसरतो.

ओटा खाली असेल: चिरायला जाड फळी, तिच्याखाली ओला पंचा म्हणजे ती सरकत नाही. सिंकमध्ये तळाला तीन इंच उंच स्टीलची जाळी ठेवून भांडी तिच्यावर घासा. शेगडी मात्र उचलू नका. उंच माणसालाही ३१-३२ इंचांचा ओटा शेगडीसाठी खाली पडत नाही: पाच इंच शेगडी, चार इंच कढई, काठ ४०-४१ वर, आणि साडेपाच फुटी माणसाचं कोपर साडेएक्केचाळीसवर.